दोन पानांचा स्वयंपाक

बायकोच्या हातचा गरम भात मी पहिल्यांदा पोटभर जेवलो तेव्हा माझी कानशिलं पांढरी झाली होती आणि आमची एकुलती एक मुलगी सासरी नांदू लागली होती. हे सांगितलं की लोक हसतात. पण जो माणूस श्रीमंतांच्या थोरल्या वाड्यात मुख्य आचारी असतो, त्याला स्वतःच्या घरी पाटावर बसायची वेळ कधी येत नाही, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

वाड्यातल्या स्वयंपाकघराला मुदपाकखाना म्हणत. मी तिथं पाणी भरायला म्हणून लागलो आणि चढत चढत मुख्य आचारी झालो. हाताखाली इतकी माणसं होती की त्यांतल्या कित्येकांचे चेहरे मी फक्त घामानं थबथबलेलेच पाहिले. कोरडे कसे दिसतात ते मला सांगता आलं नसतं. पहाटे विहिरीवर आंघोळ, मग सोवळं, मग चुलाणी पेटायची ती दिवस मावळेपर्यंत विझत नसत. भाताचे हंडे दांड्याला अडकवून चौघांनी उतरवायचे. वरणाच्या हंड्यात उभा राहिला तर मोठा माणूस कमरेपर्यंत बुडाला असता.

काम अवघड होतं म्हणून जीव दमत नसे. धास्तीनं दमे. श्रीमंतांची पंगत वेगळी, शास्त्रीमंडळींची वेगळी, बाहेरगावच्या सरदारांची वेगळी. कुणाला तिखट सोसत नाही, कुणाला गोडाशिवाय घास उतरत नाही, आणि पानं मांडून झाल्यावर निरोप यायचा, “आणखी एक पंगत बसेल.” त्यात देवाला नैवेद्य होईपर्यंत पदार्थाची चव घ्यायची सोय नाही. मीठ हाताच्या अंदाजानं घालायचं आणि पहिली पंगत बसली की खांबाआड उभं राहून जेवणाऱ्यांची तोंडं न्याहाळायची. कुणी पाण्याचा पेला जरा लवकर उचलला तरी तिखट जास्त झालं असंच मी धरून चालायचो.

माझं पान सगळ्यांत शेवटी. तोवर भातावरचं तूप गोठून पांढरं झालेलं असे. खरं तर भूकच नसायची. दिवसभर वाफाच पोटात गेलेल्या. चार घास पाण्याबरोबर गिळायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या भाज्या निवडायला कोण बसलंय ते बघायला उठायचं.

घर म्हणजे कसब्यात, तांबटांच्या आळीत भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्या. दिवसभर तिथं तांब्यावर हातोडे पडायचे. मी घरी जाई तेव्हा हातोडे थांबलेले असत आणि निघे तेव्हा सुरू झालेले नसत. आळीतले लोक बायकोला ओळखायचे. मला सणासुदीला ओळखायचे.

एका वैशाखात वाड्यावर मोठं जेवण होतं. लांबून आलेले एक सरदार मानाच्या पानावर बसले होते. बासुंदी त्यांनी आवडीनं मागून मागून घेतली. हात धुवून विडा घेतला आणि दिवाणखान्याकडे जाता जाता पोट धरून खाली बसले. मग वांत्या सुरू झाल्या. कोण म्हणालं ते कळलं नाही, पण एक शब्द चौकातून माजघरात आणि माजघरातून मुदपाकखान्यात आला: विष.

त्यानंतर कुणी माझ्याशी मोठ्यानं बोललं नाही. मुदपाकखान्यावर देखरेख करणारे दरोगा होते, माझ्याहून थोडे वडील. ते आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, “चला माझ्याबरोबर.” मला कोठीशेजारच्या एका लहान खोलीत बसवलं आणि दाराशी शिपाई ठेवला. बासुंदीचं भांडं, वाढण्या, द्रोण, सगळं ताब्यात घेतलं.

खोलीत एक घोंगडी होती आणि उंचावर एक झरोका. मी घोंगडीवर बसलो. विषप्रयोगाची शिक्षा काय असते ते पुण्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. मी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. थोड्या वेळानं लक्षात आलं की नाव घेता घेता मी दुसरंच ऐकतोय. झरोक्याबाहेर साळुंक्या भांडत होत्या. मी वाड्यात वावरून अर्धं आयुष्य काढलं, तिथं साळुंक्या आहेत हे मला माहीत नव्हतं. कुणी हाक मारत नव्हतं. भात शिजला का, असं कुणी विचारत नव्हतं. भिंतीला पाठ टेकली, पाय पसरले, आणि पुढचं मला आठवत नाही.

शिपायानं खांदा हलवून उठवलं तेव्हा झरोक्यातलं ऊन तिरपं झालं होतं.

“अहो बुवा, सुटलात!” तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिला. “झोपला होतात? इथं?”

झालं होतं असं की वैद्यबुवांनी सरदारांच्या माणसांना खोदखोदून विचारलं. जेवायला येण्याआधी सरदारांनी मुक्कामावर नदीच्या वाळूतली कलिंगडं मनसोक्त खाल्ली होती आणि त्यावर आमची बासुंदी. “कलिंगडावर दूध घेतलं तर विष कालवायला दुसरं कोण कशाला लागतं?” असं वैद्यबुवा भर दिवाणखान्यात म्हणाले म्हणे. सरदार औषध घेऊन पडून होते आणि बरे होते.

मला बोलावून एक शेला पांघरला. दरोगांनी स्वतः पांघरला. त्यांचे हात गार होते. मग ते हळू आवाजात म्हणाले, “जा आता. संध्याकाळच्या पंगतीचं बघा. सगळी खोळंबलीत.”

मी गेलो. पुन्हा आंघोळ केली, सोवळं नेसलो, संध्याकाळची पंगत उठवली. सगळं नीट झालं. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मनातून हलेना. विष घातल्याचा आळ डोक्यावर असताना मला जशी झोप लागली तशी कित्येक वर्षांत लागली नव्हती. कैदेत ज्याला विसावा वाटतो त्याची मोकळीक कसली असेल, हा विचार मी पळी फिरवता फिरवता करत असे, आणि मग भीती वाटे. विषाच्या आळाची वाटली नव्हती एवढी.

आषाढात एकदा ताप आला म्हणून घरी होतो. बायको तांदूळ निवडत बसली होती. मी म्हणालो, “मी वाड्यातली चाकरी सोडावी म्हणतो.”

तिनं सूप खाली ठेवलं नाही. “सोडून करणार काय?”

“घरी राहीन.”

“रोज?”

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. ती पुढं म्हणाली, “नाही, म्हणजे राहा की. घर तुमचंच आहे. पण मला सवय नाही.” आणि खडे वेचू लागली.

उपाशी मरायची वेळ येणार नव्हती. वडिलांकडून आलेला तुकडाभर मळा बिबवेवाडीला होता. एक माळीण तो करायची आणि आमचा वाटा घरी पोचवायची. आळीच्या टोकाला गणपतीचं लहानसं देऊळ होतं. तिथल्या म्हाताऱ्या पुजाऱ्यांना आता चुलीपुढं बसवत नव्हतं आणि नैवेद्य करायला कुणीतरी हवं होतं. त्याबद्दल शिधा मिळणार होता. एका मूर्तीपुढं एक पान.

दरोगांना सांगितलं तेव्हा ते हसले. “इथं चिकटायला लोक देव पाण्यात घालून बसतात आणि तुम्ही निघालात? ठीक आहे. थकलात. चातुर्मासभर आराम करा. मग बोलावतो.” त्यांनी ते सोडणं धरलंच नाही, सुट्टी धरली. मीही वाद घातला नाही.

आळीत मात्र चर्चा झाली. समोरच्या घरातले एक शास्त्रीबुवा ओसरीवरून म्हणाले, “काय हो, काढून टाकलं, की निघून आलात?” मी म्हटलं, निघून आलो. “असं होय,” ते म्हणाले. “काढून टाकलेलेही असंच सांगतात.”

पहिल्या दिवशी देवळातला नैवेद्य करून आलो आणि बायकोला म्हटलं, आज आमटी मी करतो. तिनं जागा करून दिली आणि दाराशी जाऊन बसली. मी डाळ शिजवली, चिंच कोळली, फोडणी केली. हात आपले आपण चालत होते. काही वेळानं ती आत डोकावली. घरातलं सगळ्यांत मोठं पातेलं काठोकाठ भरलं होतं आणि मी दुसऱ्यात ओतत होतो.

“अहो,” ती म्हणाली, “आज कुणाचं बारसं आहे का?”

त्या दिवशी अख्ख्या आळीनं आमची आमटी खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम हात आखडून केली, तरी शेजारची तीन घरं जेवली. हाताला लहान मापच माहीत नव्हतं. चिमूट म्हणून जे मीठ मी उचलायचो ते बायकोला आठवडाभर पुरलं असतं. तिनं काही दिवस पाहिलं आणि मग सांगितलं, “आधी भांडं लहान आणा. भांडं मोठं असलं की तुम्हाला माणसं दिसायला लागतात.”

म्हणून मी शेजारच्या तांबटाकडे गेलो. वाड्यातले मोठाले हंडे त्याच्याच बापानं आणि त्यानं घडवलेले. मला बघताच तो उठला.

“या आचारीबुवा! बोला, केवढा हंडा? दारातनं बाहेर निघंल ना, का भिंत पाडायची?”

मी दोन्ही तळहात जवळ आणून दाखवले. “एवढं पातेलं.”

त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. “हे? बाहुलीच्या लग्नाला?”

“दोन माणसांच्या आमटीला.”

त्यानं हातोडा खाली ठेवला. त्याचा ठोका थांबला म्हणून शेजारच्याचा थांबला, त्याचा थांबला म्हणून पलीकडच्याचा, आणि बघता बघता सगळी आळी गप्प झाली. पलीकडून कुणीतरी ओरडलं, “काय झालं रे?”

“काही नाही,” आमचा तांबट ओरडला. “बुवांच्या घरात दोनच माणसं आहेत, ते त्यांना आज कळलं!”

सगळे हसले. मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी हसलो. पातेलं त्यानं सुरेख घडवलं, कल्हई करून दिलं, आणि त्यानंतर आमच्या घरातला स्वयंपाक आमच्या घरापुरता होऊ लागला.

गरम भाताचं असं झालं. श्रावणातली एक सकाळ होती. बायको म्हणाली, “आज तुम्ही बसा. मी वाढते.” मी पाटावर बसलो. तिनं भात वाढला, त्यावर वरण, त्यावर तूप. तूप पातळ होऊन भातातून खाली उतरलं. मी घास कालवला आणि सरळ तोंडात घातला, आणि डोळ्यांत पाणी आलं.

“काय झालं? बिघडलंय का?”

“जीभ भाजली.”

ती माझ्याकडे पाहतच राहिली. “अहो, फुंकर घालायची असते. मुलीला शिकवलं मी हे.”

मग चुक्याची पातळ भाजी वाढली. ती आंबट होती, मऊ होती, आणि मीठ किंचित कमी होतं. मी दोनदा मागून घेतली. जेवता जेवता लक्षात आलं की एवढ्या वर्षांत कुणाला काय आवडतं ते मी पाठ केलं होतं: श्रीमंतांना, त्यांच्या मामांना, उत्तरेकडून येणाऱ्या पाहुण्यांना. मी विचारलं, “तुला काय आवडतं ग खायला?”

तिनं माझ्या वाटीत आणखी भाजी वाढली.

“दुसऱ्या कुणी केलेलं,” ती म्हणाली.

त्यानंतर आम्ही वाटणी केली. सकाळचं तिनं करायचं, संध्याकाळचं मी. संध्याकाळी ती शेजारणींबरोबर कीर्तनाला जाऊ लागली, एकदा पर्वती चढून आली, आणि घरी आल्यावर पाटावर बसून सगळं सांगू लागली. मी वाढायचो आणि ऐकायचो. तिला बोलायला इतकं आवडतं हेही मला नवीन होतं. माझ्या गुळाच्या पोळ्यांना ती नावं ठेवायची. “वाड्यात खपत असतील,” म्हणायची, आणि आणखी एक घ्यायची.

चातुर्मास संपला आणि दरोगा आले. वाड्यात लग्नकार्य निघालं होतं. घोडा आळीत शिरेना, कारण दोन्ही बाजूंना भांडी मांडलेली. म्हणून ते चालत आले. मी ओसरीवर संध्याकाळसाठी पावटे सोलत होतो. उठून उभा राहिलो तर मांडीवरचे पावटे सगळीकडे घरंगळले. ते दोघांनी मिळून गोळा केले.

“नवा आचारी धड नाही,” दरोगा म्हणाले. “पाहुणे चार दिशांनी येणार. श्रीमंतांची मर्जी आहे, तुम्ही यावं. उद्यापासून.”

“मी आता—”

“बुवा, मर्जी आहे म्हणालो. त्यात विचारायचं काही नसतं, तुम्हाला माहीत आहे.”

मला माहीत होतं. मी हातातले पावटे सुपात टाकले. तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला. “दोन पानं वाढलीत. जे काय बोलायचं ते जेवून बोला म्हणावं. निवतंय.”

दरोगा नको म्हणता म्हणता आत आले. पागोटं काढून खुंटीला लावलं तेव्हा दिसलं, त्यांचेही केस पार विरळ झाले होते. पाटावर बसले. भात, पावट्याची उसळ, ताक. दुसरं काही नव्हतं. पहिला घास घेतला आणि त्यांनीही जीभ भाजून घेतली. मी बायकोकडे बघितलं नाही.

त्यांनी ताकाचा घोट घेतला. मग म्हणाले, “वहिनी, हे रोज असं गरम असतं?”

“चुलीवरून उतरवलं की गरमच असतं,” ती म्हणाली.

ते हसले. उसळ पुन्हा मागितली. हात धुवून ओसरीवर आले, सुपारी कातरली आणि रस्त्याकडे बघत बसून राहिले. मी शेजारी बसलो. माझा जीव टांगणीला लागला होता, पण त्यांना घाई दिसेना.

“तुम्हाला त्या दिवशी खोलीत बसवलं,” ते अचानक म्हणाले, “तेव्हा मी बाहेर उभा होतो. तुम्ही जिवानिशी गेला असतात तर देखरेख माझी म्हणून मागोमाग मीही जाणार होतो. शिपाई म्हणाला, बुवा झोपलेत. मला राग आला. आणि हेवाही वाटला.” मग सुपारी तोंडात टाकून, “हात पुढं करा बघू.”

मी हात पुढं केले. भाजल्याचे जुने डाग होते, एवढंच.

“थरथरतात,” ते म्हणाले.

“नाही हो. कुठं थरथरतात?”

“थरथरतात. मी पाहिलं. असल्या हातानं हंडा उतरवताना चार माणसं भाजायची.” ते उठले, पागोटं घातलं. “श्रीमंतांना मी तसं सांगतो. मात्र नव्या माणसाला येऊन चार गोष्टी समजावून द्या. दिवसा या, दाराशी बसा आणि परत जा. आणि सोवळं नेसू नका. एकदा नेसलात की तुम्हीच सोडणार नाही.”

मी तसंच केलं. दोन-चार दिवस दाराशी बसून त्या नव्या आचाऱ्याला कुठल्या पाहुण्याला काय लागतं ते सांगितलं. तो माझ्याहून कितीतरी तरुण होता आणि मान डोलावताना सारखं मागं वळून हंड्यांकडे बघत होता. त्याला सांगावंसं वाटलं की मधूनमधून घरी जेव. पण ते त्याला तेव्हा कळलं नसतं. मला तरी कुठं कळलं असतं? लग्न थाटात पार पडलं म्हणतात. त्या दिवशी मी बिबवेवाडीला होतो.

त्या मळ्याची मला अलीकडे गोडी लागली आहे. सकाळी देवळातलं आटोपून चालत जातो, दोन वाफे मी स्वतः करतो. पहिल्या वर्षी पडवळ लावलं. वेल मांडवावर चढला, पडवळं लोंबू लागली. माळीण म्हणाली, “बुवा, टोकाला दगड बांधा. न्हाई तर वाकडं वाढतंय.”

मला ते कसंसंच वाटलं. आता कुठं माझ्या मानेवरचा दगड उतरला होता. म्हटलं, “वाढू दे वाकडं. त्याला कशाला ताण?”

“तुमचं पडवळ हाय, तुमची मर्जी,” ती म्हणाली.

पडवळं वाढली ती एकेक वेटोळं घालून. मी अभिमानानं टोपलीभर घरी आणली. बायकोनं एक उचललं, विळीवर आडवं धरलं, उभं धरलं, फिरवून पाहिलं. कुठूनच धड चिरता येईना. दगड का बांधला नाही ते मी तिला सविस्तर समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“पडवळाला काही कळत नाही,” ती म्हणाली. “चिरायचं मला असतं. पुढच्या वर्षी बांधा.”

पुढच्या वर्षी मी बांधले.